पाच जण, सहाशे तास आणि एक स्मरणिका

प्रश्न : आम्ही टी.वाय.बी.ए.चे पाच विद्यार्थी आहोत. मराठीचे दोन, इतिहासाचे दोन आणि समाजशास्त्राची मी. चार श्रेयांकांचं (क्रेडिट) ओजेटी, म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग), करायचं आहे. गावात कंपन्या नाहीत. दोन ठिकाणी विचारलं, तर ‘बी.ए.वाल्यांना काय काम देणार?’ असं ऐकून परत आलो. काय करावं?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ‘इंटर्नशिप मिळेल का?’ असं विचारलं की तुमच्यासाठी काम शोधायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा काम तुम्हीच घेऊन जा. तालुक्याच्या गावातही नागरी सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, जुनं वाचनालय असतं. त्यांतल्या एखाद्या संस्थेचा सुवर्ण किंवा अमृतमहोत्सव जवळ आलेला असतो, स्मरणिका काढायचं ठरलेलं असतं आणि ती काढायला माणूस नसतो. तुमच्या तिन्ही विषयांना पुरेल असं हे काम आहे.

जाताना एक पानी प्रस्ताव न्या. काय देणार (४८ पानी स्मरणिका, १२ मुलाखती, वर्णनासह ४०० छायाचित्रं), कधी देणार आणि संस्थेकडून काय हवं, एवढंच त्यात असू द्या. संस्थेकडून मागायच्या गोष्टी तीन : जुने वार्षिक अहवाल पाहायची परवानगी, बसायला टेबल आणि एका ठरावीक अधिकाऱ्याचा आठवड्यातला अर्धा तास. हा अर्धा तास वार ठरवूनच मागा; ‘कधीही या’ म्हणणारा साहेब कधीच सापडत नाही. खातेदारांच्या माहितीला हात लावणार नाही, हेही लिहून द्या. बँकेची पहिली धास्ती तीच असते.

आता तासांचा हिशेब. श्रेयांकाला ३० तास धरले तर प्रत्येकाचे १२०, पाच जणांचे ६००. ऐकायला डोंगर वाटतो, पण तो भराभर संपतो. तासाभराची मुलाखत उतरवून काढायला नवख्याला साधारण सहा तास लागतात, ती ऐकत तपासायला आणखी तीन. म्हणजे १२ मुलाखतींना १०८ तास. मुलाखतीला दोघांनी जायचं, तयारी आणि जाण्यायेण्यासह प्रत्येकी चार तास धरा, की आणखी ९६. छायाचित्राची नोंद (कोण, कुठे, कधी, कोणी सांगितलं) दहा मिनिटांत झाली तरी ४०० छायाचित्रांना ६७ तास. लेखन-संपादनाला १२० आणि दोन वेळच्या मुद्रितशोधनाला ४० तास ठेवा. उरलेले बैठका, प्रेसच्या फेऱ्या आणि कॉलेजचा अहवाल यांतच जातात.

बाराही मुलाखती घेऊन मग दाखवायला जाऊ नका. पहिली घ्या, उतरवा, त्यावरचा लेख पूर्ण करा आणि मंजूर करून घ्या. संस्थेला बोलीभाषा जशीच्या तशी हवी की प्रमाण, ‘साहेब’ लावायचं की नाही, हे तेव्हाच कळतं. चूक निघालीच तर एकच लेख पुन्हा लिहावा लागतो. मुलाखतीआधी लेखी संमती घ्या, पंखा बंद करा आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटू शकतं. निवृत्त मंडळींना स्थापनेच्या दिवशी पाऊस होता हेही आठवतं, पण ठेवींचे आकडे मात्र अहवालातूनच घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फाँटचा. संस्थेकडच्या जुन्या फाइली बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोन-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, रूपांतर केलं की रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं जागा सोडतात. शिवाय तुमचा युनिकोड मजकूर काही प्रेसमध्ये पुन्हा जुन्या फाँटमध्ये नेतात, तेव्हा हाच घोळ दुसऱ्यांदा होतो. म्हणून दुसरं मुद्रितशोधन प्रेसमध्ये पानांची मांडणी झाल्यानंतरच, आणि तेही कागदावर करा. सेंटर पिन बांधणी (घडीवर मधोमध पिन मारलेली) असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. शेवटच्या क्षणी अध्यक्षांचं मनोगत दोन पानांनी वाढलं, तर दुसरीकडची दोन पानं कापावी लागतील. ते मनोगत सर्वांत आधी मागून घ्या.

प्रश्न : आमच्या गटातला एक जण फक्त फोटो काढायच्या दिवशी येतो. गुण मात्र सगळ्यांना सारखे मिळतात. तक्रार करावी का?
— एम.ए. भाग १, नाशिक

उत्तर : आधी नोंदवही तपासा. तिच्यात ‘सर्वांनी मिळून काम केले’ असं लिहिलं असेल, तर तक्रारीला आधारच नाही. आजपासून गूगल शीटमध्ये पाच रकाने करा : तारीख, नाव, काम, तास, पुरावा. पुरावा म्हणजे फाइलचं नाव. ‘मदत केली’ हा शब्द तिथे चालवून घेऊ नका. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव हवं. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट पाहतात. एवढं करून त्याला त्याचं काम वेगळं काढून द्या, मुदत लिहा. काही मुलं आळशी नसतात, नेमकं काय करायचं ते त्यांना कळलेलं नसतं. दोन मुदती चुकल्या की तीच शीट घेऊन मार्गदर्शकांकडे जा आणि प्रत्येकाची तोंडी परीक्षा वेगळी घ्या, अशी विनंती करा. सत्र संपल्यावर गेलात तर उपयोग नाही.

प्रश्न : एक संस्था पैसे भरल्यास घरबसल्या १२० तासांचं प्रमाणपत्र देते म्हणते. चालेल का?
— वाचक, पुणे

उत्तर : नाही. नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘तिथे काय केलंत, दाखवा’ असा आला, तर दाखवणार काय?