हात वर करण्याआधी

गेल्या अंकात बँकेच्या वसुली नोटिशीला उत्तर कसं द्यावं यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: उत्तर देण्यापलीकडे गेलंय, आता सरळ दिवाळखोरीचा अर्ज करू का? त्यातली काही पत्रं इथे घेते. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : माझे बारा यंत्रमाग होते, आता चारच चालू आहेत. बँक, पतसंस्था, सूतवाले आणि नातेवाईक मिळून देणं चाळीस लाखांवर गेलं. मोबाइलवर एक मजकूर फिरतोय की २०१६ च्या नव्या कायद्यात अर्ज केला की सगळं कर्ज माफ. खरं का? – यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : तो मजकूर माझ्याकडेही तीन जणांनी पाठवला. अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. पण तो सगळ्यांना लागू केलेलाच नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. मजकुरातली 'नवी सुरुवात' म्हणजे कर्ज पुसून टाकायची योजना, तीही त्या संहितेत छापलेली आहे. पण तिच्या अटी वाचा: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नको. तुम्ही त्यात बसत नाही आणि ती योजना अजून चालूही नाही.

तुमच्यासाठी कायदा आहे १९२० चा, प्रांतिक नादारी (म्हणजेच दिवाळखोरी) अधिनियम. मुंबई शहरासाठी त्याहून जुना, १९०९ चा. तिथे अर्ज उच्च न्यायालयात जातो. तुम्ही जायचं ते तुमच्या भागाच्या जिल्हा न्यायालयात, किंवा या कामाचे अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात. अर्जाला किमान देणं किती लागतं माहितेय? पाचशे रुपये. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा, कोणी बदलला नाही. पाचशेच्या आत देणं असलं तरी, पैशाच्या हुकूमनाम्यापायी (पैसे द्या असा न्यायालयाचा निकाल) अटक किंवा जप्ती झाली असेल तर अर्ज करता येतो. खरी अट आहे ती कर्ज फेडता येत नाही हे दाखवण्याची.

आता माफीचं. न्यायालयाने तुम्हाला नादार ठरवलं की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते. ती विकून येतील ते पैसे देणेकऱ्यांत, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांच्यात, वाटले जातात. त्या काळात कुणी तुमच्यावर परस्पर नवा दावा लावू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. पण हे नादार ठरवल्याच्या आदेशानंतर. नुसता अर्ज टाकल्याने दारातला माणूस आपोआप हलत नाही. आणि ज्या बँकेकडे शेड आणि माग तारण आहेत, तिचा हात कुणी धरत नाही. तारणवाला देणेकरी या कायद्याबाहेर उभा राहून आपलं तारण विकू शकतो. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण थेट ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस आली असेल, तर तिचं घड्याळ या अर्जाने थांबेल असं धरून चालू नका.

म्हणून पहिलं काम एवढंच: चाळीस लाखांपैकी तारणाचे किती आणि विनातारण किती, ते वेगळं करा. तीस लाख तारणाचे असतील, तर हा अर्ज उरलेल्या दहा लाखांपुरताच कामाचा.

प्रश्न : अर्जात नेमकं काय लिहावं लागतं? वकील म्हणाले "यादी आणा". कसली यादी? – एक वाचक, बार्शी

उत्तर : वकील बरोबर बोलले, फक्त घाईत बोलले. सगळं प्रकरण या यादीवरच उभं राहतं आणि या यादीवरच पडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन याद्या हव्यात. पहिली देण्यांची: प्रत्येक देणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम. लोक माझ्या टेबलावर पिशवी उलटी करतात आणि त्यातून पासबुकं, नोटिसा, सोनं तारण ठेवल्याच्या पावत्या पडतात. संस्थांची देणी त्यात सापडतात. सापडत नाहीत ती घरातली. एका गृहस्थांनी अकरा देणेकरी बिनचूक लिहिले आणि सासऱ्यांकडून घेतलेले दीड लाख गाळले. का, तर "ते घरातलं आहे हो, त्यांना कशाला कोर्टात ओढायचं?" कोर्टाला घरातलं-बाहेरचं कळत नाही. हातउसने लिहा. भिशी उचलून झाली असेल तर उरलेले हप्ते लिहा. किराण्याची उधारी लिहा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा, कारण उद्या ते तुमच्यावर येऊ शकतं.

दुसरी यादी मालमत्तेची, किमतीसह आणि ती कुठे आहे त्यासह. यात हमखास राहून जातं ते असं: दुकानगाळ्याची अनामत, दुसऱ्याला तुम्ही दिलेले पैसे, बंद पडलेल्या खात्यातले शेअर आणि गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलेल्या जमिनीतला तुमचा हिस्सा. "ती जमीन मी कधी बघितलीही नाही" असं लोक म्हणतात. बघितली नसली तरी हिस्सा आहे.

याशिवाय पूर्वी कधी असा अर्ज केला होता का, तेही सांगावं लागतं. मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करायची तयारी आहे असं लिहून द्यावं लागतं. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात. देणेकऱ्यांना नुकसान व्हावं म्हणून मालमत्ता दडवली किंवा वह्या खोट्या केल्या, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे दिवाणी देण्यात लोक ज्या तुरुंगाला घाबरून येतात, तो असा स्वतःहून ओढवला जातो. आणि एकदा अर्ज दाखल झाला की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते.

प्रश्न : अर्ज करायच्या आधी फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने केला तर सुरक्षित राहील ना? दोन महिन्यांपूर्वी मेहुण्याचे पाच लाखही फेडून टाकले, निदान तो तरी मोकळा. – नाव नको, पुणे

उत्तर : बक्षीसपत्र केल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात, तर रिसीव्हर ते रद्द करवून घेऊ शकतो. कायदा सूट देतो ती चोख मोबदला देऊन सद्भावनेने घेणाऱ्याला. बायकोने फ्लॅटचे पैसे दिलेले नाहीत. दोन वर्षं थांबून मग अर्ज करू, असा विचार आत्ता तुमच्या डोक्यात आला असेल. पत्र वाचतानाच मला तो दिसला. तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर रद्द करून मागता येतं आणि तिथे दोन वर्षांची ही रेघ नाही.

मेहुण्याचं तसंच. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या देणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकतं माप देण्यासाठी केलेली फेड उलटवता येते. म्हणजे तो मोकळा नाही. पाच लाख परत आणून द्यायची पाळी त्याच्यावर येऊ शकते. फ्लॅट अजून तुमच्याच नावावर असेल तर तसाच राहू द्या.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक. सहकाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिलो. तो आता दिवाळखोरी जाहीर करतोय म्हणे. त्याचं कर्ज संपलं की माझा जामीनही संपेल का? – एक शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : नाही, सर. हे तुम्हाला गोड करून सांगता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आणि कर्जदाराला नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, असं १९२० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असंही पतसंस्थेला सहसा म्हणता येत नाही.

पतसंस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतला की वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. त्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा. "माझा काय संबंध" म्हणून नोटीस न घेता परत पाठवणारे जामीनदार सगळ्यात आधी अडकतात, कारण दाखला त्यांच्या पश्चात निघतो. भरलेल्या हप्त्यांची नोंद, व्याजाची आकारणी, तुमची सही, सगळं तिथेच तपासून घ्या.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. तुम्ही जे भराल ते सहकाऱ्याकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्याच्या नादारी प्रकरणात तुम्ही देणेकरी म्हणून दावा नोंदवू शकता. हाती थोडंच येईल. पण नोंदवलाच नाही तर तेही नाही.

प्रश्न : क्रेडिट कार्ड आणि मोबाइल अ‍ॅपची मिळून सहा कर्जं थकली. रोज फोन, "पोलीस घेऊन येतो, तुम्हाला उचलतो" म्हणतात. तुरुंग टाळायला दिवाळखोरी करू का? – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. हा फौजदारी गुन्हा नाही. पैशाचा हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैद करायची तरतूद आहे खरी, पण त्या तरतुदीतही स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगून ठेवलंय की नुसती ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची लबाडी दिसली पाहिजे.

एक अपवाद नीट बघा. तुम्ही चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर ते फौजदारी प्रकरण होतं. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी तसाच कायदा आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. नादारीचा अर्ज हा या खटल्यावरचा उपाय नाही. त्यामुळे त्या सहा कर्जांपैकी कुठल्या संस्थेकडून लेखी नोटीस आली आहे, ती पाकिटं आज उघडा.

फोनचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. धमकी देता येत नाही, नातेवाइकांसमोर अब्रू काढता येत नाही. आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही. दिवाळखोरीचा विचार त्यानंतर, शांतपणे.

प्रश्न : वडील कर्ज ठेवून वारले. मुलगा म्हणून मला फेडावंच लागेल? की मी नादार व्हावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही नाही. वडिलांकडून जेवढी मालमत्ता तुमच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. तुमच्या पगाराला हात लागत नाही, तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर. वसुलीवाल्याने पुढे केलेल्या कुठल्याही "कबुली" पत्रावर मात्र सही करू नका.

प्रश्न : नादार ठरल्यावर घरातलं काय काय नेतात? नोकरी जाते का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धार्मिक रूढीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरवता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम: हे जप्तीतून वगळलेलं आहे, म्हणून रिसीव्हरकडेही जात नाही. घर गहाण टाकलं असेल तर मात्र गहाणदारापुढे हे कवच चालत नाही. (इचलकरंजीच्या वाचकांनी बारा मागांच्या शेडला 'कारागिराची हत्यारं' म्हणवून घेण्याची आशा धरू नये.)

खासगी नोकरी या कायद्याने जात नाही, नेमणूकपत्रातली अट तेवढी बघा. मुक्तता मिळेपर्यंत आमदार, खासदार किंवा स्थानिक संस्थेचा सदस्य होता येत नाही, कंपनीचा संचालक म्हणून नेमणूक होत नाही. आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये जरी उधार घेतले तरी गुन्हा आहे. हाही १९२० चाच आकडा.

प्रश्न : यातून सुटका कधी? – वरील वाचक

उत्तर : नादार ठरवतानाच न्यायालय मुदत घालून देतं, तेवढ्यात मुक्ततेचा अर्ज करायचा. ही तारीख स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर लिहा. ती चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि देणेकरी पुन्हा दारात.

अर्ज केला म्हणजे मुक्तता मिळाली असंही नाही. विनातारण देण्यातले रुपयाला निदान आठ आणे निघावेत एवढी मालमत्ता नसेल, तर "माझ्या हाताबाहेरच्या कारणाने हे झालं" असं पटवावं लागतं. दवाखान्याची बिलं, आगीचा पंचनामा, सूतवाल्याचं मागणी रद्द केल्याचं पत्र, असले कागद इथे कामाला येतात. बुडणार हे माहीत असून नवं कर्ज काढलं, सट्टा किंवा जुगार खेळला, ऐपतीबाहेर उधळलं, वह्याच ठेवल्या नाहीत, तर न्यायालय मुक्तता नाकारू शकतं किंवा लांबवू शकतं.

मुक्तता मिळाल्यावरही सरकारची देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी शिल्लकच राहतात. बाकीची देणी संपतात. त्या आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढून घ्या. तुमच्या नावापुढची थकबाकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला प्रत्येक बँक तीच मागेल.