भाऊ दारू सोडतो म्हणतो, खेड्यातून एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जाऊन फायदा होतो का?

होते ना. माझे काकाजी कापूस वेचणीच्या दिवसातही पोराच्या गाडीवर मागं बसून तालुक्याले जायचे, शाळेची एक खोली, सतरंजी, काळा चहा अन् दहा-बारा माणसं, जो तो आपलीच सांगते, लेक्चर कोणी देत नाही. फी नाही, नाव बाहेर जात नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल अन् एक सर्जन, दोघंही पिणारेच, त्यांनी हे सुरू केलं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पिणाऱ्याले भेटतेच, म्हणून बंदीच्या भरवशावर राहू नका. अन् हो, रोज भरपूर पीत असेल तर एकदम बंद नका करू बाप्पा, झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरले दाखवा. वहिनीसाठी अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांच्या गटाची, वेगळी मीटिंग असते.