जमिनीत मुरलेला कोळसा विष धरून ठेवतो का?

प्रश्न : पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा मी चार वर्षांपूर्वी मक्याच्या एका तुकड्यात मिसळला. त्या हंगामात तेवढ्याच तुकड्यात अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचा गुण आला नाही. यंदा मात्र तीच मात्रा तिथेही बाकीच्या शेताइतकीच लागू पडली. कोळशाची ताकद संपली असे समजावे काय? नाल्याचे सांडपाणी शेतात येते, त्यातील जड धातूंना आवर बसावा, हाही कोळसा घालण्यामागे हेतू होता.
— एक वाचक, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण कोळसा न घातलेल्या भागाशी तुलना केलीत हे बरे झाले, एरवी दोष पावसावर गेला असता, कारण ओल नसली की अ‍ॅट्राझिन तसेही काम करत नाही.

कोळसा संपलेला नाही. त्या तुकड्यातला एक खडा धुऊन फोडून पाहिल्यास बाहेरून मातकट पुट चढलेले आणि आत काळीभोर, कोरी भेग असे काहीसे दृश्य बहुधा दिसेल. अ‍ॅट्राझिनचे रेणू कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत आणि कोऱ्या कार्बनी पृष्ठभागावर चिकटतात. पहिल्या वर्षी ते तिथेच अडकले आणि तणाच्या मुळांना मिळाले नाहीत. पुढे ह्यूमसचे (कुजलेल्या काडीकचऱ्याचे) पदार्थ आणि चिकणमातीचे कण छिद्रांच्या तोंडाशी बसत गेले, पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊन तो पाण्याला अधिक जवळचा झाला आणि तणनाशकासाठी जागा उरली नाही.

धातूंचे गणित वेगळे आहे. ऑक्सिडीकरणाने पृष्ठभागावर कार्बॉक्सिल नावाचे आम्लधर्मी अणुगट तयार होतात, त्यांच्यामुळे ऋणभार वाढतो आणि शिसे, कॅडमियम यांसारखे धनभारित आयन (विद्युतभार असलेले कण) धरून ठेवण्याची कुवतही वाढू शकते. अ‍ॅमेझॉन खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांनी मागे ठेवलेल्या काळ्या मातीतला जुना कोळसा पोषक आयन धरून ठेवतो, त्यामागेही हेच कारण आहे. मात्र ताज्या कोळशातील राख जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता कमी-जास्त दाखवणारा आकडा) वाढवून धातूंना अविद्राव्य करते, आणि ती राख काही पावसाळ्यांत धुऊन जाते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत त्यानंतर कॅडमियम पुन्हा मोकळे होण्याची भीती खरी आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू सहसा खाली येत नाही, म्हणून तिथे ती बरीच कमी. आर्सेनिकची गोष्ट निराळी : ते पाण्यात ऋणभारित किंवा भाररहित रूपात असल्याने या वाढलेल्या ऋणभाराचा त्याला धरण्यासाठी उपयोग नाही.

तेव्हा तणनाशकाच्या अनुभवावरून धातूंबद्दल निष्कर्ष काढू नये. जमिनीचा सामू आणि पिकाला उपलब्ध होणारे कॅडमियम व शिसे दर दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेत तपासावे, शक्य झाल्यास मक्याचे दाणेही. नवा कोळसा घालायचा झाल्यास त्या हंगामात अ‍ॅट्राझिनची मात्रा वाढवू नये, तिथे कोळपणी व खुरपणीवरच भिस्त ठेवावी. आणि नाल्याचे पाणी बांधाबाहेर वळवता येत असेल, तर ते काम कोळशाच्या आधी करावे.