न्हायचा दिवस आणि कुरळे केस

प्रश्न : माझे केस खांद्याखाली आणि चांगलेच कुरळे आहेत. आठवड्यातून एकदा न्हाते. ओले असताना बटा छान दिसतात, वाळले की सगळं फुगून बसतं. घरी जवसाचं जेल करून लावलं, तर दुसऱ्या दिवशी कोंड्यासारखे पांढरे कण पडले. वापरायचं पाणी बोअरचं आहे. कुठे चुकतंय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : न्हाऊन आल्यावर केस टॉवेलात गुंडाळून ठेवायचे, निम्मे वाळले की जेल लावायचं, असा क्रम असेल तर घोटाळा तिथेच होतो. पाण्यामुळे केस एकमेकांना धरून राहतात आणि बट तयार होते. पाणी उडून केस सुटे झाल्यावर जेल लावलं, तर ते फुगलेल्या अवस्थेतच बसतात. म्हणून जेल मोरीतच लावायचं, केस निथळत असताना. मुठीत दाबल्यावर ‘पचपच’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर अर्धा तांब्या पाणी आणखी ओता.

कोरड्या केसांतून कंगवा फिरवून मग न्हायला जाऊ नका, बटा मोडतात आणि केस तुटतात. दहा रुपयांच्या नाण्याएवढा शाम्पू मगभर पाण्यात कालवा आणि फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी चोळा. लांबीला वाहून जाणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र शाम्पूच्या दुप्पट-तिप्पट लागतं, कारण टाळूचं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोचत नाही. ते लावलेलं असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, टोकाकडून वर मुळांकडे जात. मग धुवा.

आता डोकं पुढे वाकवून केसांचे चार भाग करा. प्रत्येक भागाला एक मोठा चमचा जेल, दोन्ही तळव्यांत धरून वरून खाली. मग टोकाकडून मुठीत गोळा करून टाळूकडे दाबा. जुन्या सुती टी-शर्टात दहा-पंधरा मिनिटं बांधून ठेवा, टॉवेलने खसाखसा पुसू नका. त्यानंतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यांना जड जातं. वाळल्यावर केस कुरडईसारखे कडक लागतील. घाबरू नका, तळव्यांवर तेलाचे दोन-तीन थेंब चोळून हलके दाबले की कडकपणा मोडतो आणि बट तशीच राहते. डिसेंबरात खोबरेल बाटलीतच थिजलेलं असतं, तेव्हा बदामाचं तेल सोपं पडतं.

पांढऱ्या कणांची कारणं तीन : जेल जास्त झालं, अर्धवट वाळलेल्या केसांना हात लागला, किंवा जेलखाली लावलेल्या क्रीमशी त्याचं जमलं नाही. तिसरं तपासायला दोन्ही थोडं थोडं तळहातावर कालवा. फाटलेल्या दुधासारखं झालं तर केसांतही तेच होणार, मग क्रीम बदला.

जेलचं माप : चार मोठे चमचे कच्चे जवस (चटणीसाठी भाजलेले नकोत), अर्धा लिटर पाणी. मध्यम आचेवर सात ते दहा मिनिटं ढवळत उकळा. पळीतून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार पडू लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर गाळणीतून थेंबही उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की फेकून द्या.

राहिलं पाणी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, म्हणून केस ओले असतानाही राठ लागतात. महिन्यातून एकदा क्षार काढणारा, ‘चिलेटिंग’ लिहिलेला शाम्पू वापरा. आणि घरात महापालिकेचं पाणी येत असेल, तर शेवटच्या धुण्यापुरती त्याची एक बादली बाजूला काढून ठेवा. गंगापूर धरणाचं पाणी बोअरच्या मानाने पुष्कळ हलकं असतं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेसाठी वेणी घालताना रोज रडारड होते. सासूबाई म्हणतात, तेल चोपडून घट्ट बांध.
– सिडको

उत्तर : सासूबाईंचं तेलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. न्हायच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल लावा, केसांत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. घट्ट बांधणं मात्र नको, कपाळाजवळचे केस ओढले जाऊन विरळ होतात. सकाळी स्प्रेच्या बाटलीने केस ओलसर करा. पाव चमचा कंडिशनर तळव्यांवर पसरून लावा आणि बोटांनी गुंता काढा. टोकाचा गुंता सोडवताना त्याच्या वर केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. रडण्याचं कारण ती ओढच असते. रात्री सैल वेणी आणि सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्रा केसांना घासतो आणि सकाळचा निम्मा गुंता तिथेच होतो.

प्रश्न : तेच जेल उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात का नाही?
– पंचवटी

उत्तर : बाटलीमागची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल, तर श्रावणातल्या दमट हवेतलं पाणी ते केसांत ओढतं आणि केस फुगतात. जून ते सप्टेंबर बिनग्लिसरीनचं जेल वापरा.