नर्सिंगची नोकरी लागलीय, शहर महाग आहे. हॉस्पिटलजवळ महाग खोली घेऊ की लांब स्वस्त घर घेऊन ये-जा करू?

ड्युटी रोटेशनची (कधी दिवस, कधी रात्र) असेल तर जवळच घ्या, छोटी शेअरिंगची खोली चालेल पण जवळ. मी स्वतः वॉर्डात रोटेशन करते म्हणून सांगते, लोक नुसतं भाडं बघतात आणि ट्रेन-बसचा पास धरून हिशोब करतात, पण आपली ड्युटी सुटते तेव्हा बऱ्याचदा बस नसतेच, मग कॅब, आणि महिन्यात अशा 8-10 कॅब झाल्या की भाड्यात वाचवलेलं त्यातच जातं. वेळेचं तर विचारूच नका. 12 तासांची शिफ्ट, अर्धा तास हँडओव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नर्सला पेशंटची माहिती देणं (ती उशिरा आली तर अजून), जाऊन-येऊन 3 तास, म्हणजे साडेपंधरा तास गेले, उरलेल्या साडेआठमध्ये अंघोळ, जेवण, झोप सगळं बसवायचं. नाईट करून स्वतः गाडी चालवत येणार असाल तर ते सरळ धोक्याचं आहे, सलग 17 तास जागं राहिलं की रिअ‍ॅक्शन साधारण 0.05 टक्के अल्कोहोल रक्तात असल्यासारखी मंद होते.

खोली बघायच्या आधी एचआरला एवढं विचारा:
- हॉस्टेल किंवा क्वार्टर्स आहेत का, वेटिंग किती
- नाईटला पिकअप-ड्रॉप आहे का
- ऑन-कॉल (घरून बोलावलं की यायची ड्युटी) असेल तर किती मिनिटांत पोचावं लागतं

फक्त ओपीडीची फिक्स डे ड्युटी असेल आणि घरापासून थेट ट्रेन असेल तर मात्र लांबचं घर परवडतं, मुलं-बाळं असतील तर जास्तच.