वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी आरएफने आवळते का?

तुम्ही विचारलंय की वजन बरंच उतरवल्यावर हनुवटीखालची आणि पोटाची कातडी लोंबतेय, मोठं ऑपरेशन नकोय, तर आत नळी घालून करतात ते आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे करंटने आतून उष्णता देणं) करावं का, आणि त्यात चरबीही जाते का.

हनुवटीसाठी जरूर विचार करा. पोटाची कातडी उभं राहिल्यावर घडी पडून खाली येत असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका. तिथे जादा कातडी कापूनच काढावी लागते. मी प्लास्टिक सर्जरीच्या थिएटरमध्ये असिस्टंट आहे, हे मशीन चालताना नेहमी बघते.

आधी सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळून कातडीखाली भरतात. तो भाग टम्म फुगतो, बधिर होतो, रक्तही कमी जातं. मग इवल्याशा छिद्रातून बारीक नळी आत घालतात. तिचं टोक आत आणि चपटा इलेक्ट्रोड वर कातडीवर, दोन्ही जोडीने सरकतात आणि करंट या दोघांमध्येच वाहतो. आत साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअस, वर कातडीला 40 च्या आसपास. त्या उष्णतेने चरबीच्या पेशी फुटतात आणि चरबीतून जाणारे कोलॅजनचे धागे आकसतात. कातडी आवळते ती मुख्यतः या धाग्यांमुळे. ठरवलेलं तापमान गाठलं की मशीन करंट थांबवतं, तरी सर्जनचा हात हलता हवाच. एका जागी रेंगाळला की भाजलंच म्हणून समजा.

चरबी जाते, पण थोडी. जास्त असेल तर सोबत लायपोसक्शन करतात, म्हणजे चरबी नळीने ओढून काढतात. वजनकाट्यावर फरक शोधू नका, आणि आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत तर ही नळी जातच नाही.

टेबलावर थोडं आवळलेलं दिसतं, मग सूज येते आणि पेशंट हिरमुसतात. नवं कोलॅजन तयार व्हायला वेळ लागतो, खरा फरक 3 ते 6 महिन्यांनी कळतो. तोवर काही आठवडे प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा कपडा, घालायचा. हाताला गाठी लागणं, बधिरपणा हे बहुतेकदा ओसरतं. जबड्याच्या कडेची नस (मज्जातंतू) दुखावली तर खालचा ओठ एका बाजूने नीट हलत नाही, हसताना तोंड वाकडं दिसतं. बहुधा भरून येतं, पण सही घेण्याआधी डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर मी तरी तिथे करून घेणार नाही.

सुयांचं आरएफ म्हणजे हे नव्हे. त्यात नळी नसते, सुया वरून टोचतात. तेही किरकोळ समजू नका: भाजणं, व्रण, नको तिथली चरबी जाणं, नस दुखावणं अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर 2025 मध्ये इशारा दिलाय. पार्लरमध्ये तर अजिबात नको.

आणि पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.