तव्यावरच्या चीज सँडविचचा ब्रेड करपतो आणि आतलं चीज तसंच राहतं, असं का? आणि एवढ्या साध्या पदार्थाचं लोकांना इतकं वेड का?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत घरी तव्यावर चीज सँडविच केलं की ब्रेड काळा पडतो, चीज मात्र घट्टच राहतं, पावसाळ्यात तर सगळं लिबलिबीत होतं. शिवाय ब्रेड, बटर आणि चीज एवढ्याशा गोष्टींवर लोक वर्षानुवर्षं इतके खूश कसे? माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे. म्हणून आधी करपण्याकडे वळू.

ब्रेडच्या स्लाइसमध्ये निम्म्याहून जास्त हवा असते आणि हवेतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. चीज वितळून वाहायला लागतं साधारण ६० ते ६५ अंशांना. ब्रेडचा तव्याला टेकलेला भाग १४० अंशांच्या पुढे तांबूस व्हायला लागतो. आच मोठी ठेवली तर तवा सहज २५० च्या वर जातो, बाहेरची बाजू मिनिटभरात काळी पडते आणि ऊब अजून चीजपर्यंत पोचलेलीही नसते. सुरमईची जाड तुकडी मोठ्या आचेवर टाकली की रवा जळतो आणि काट्याजवळ मासा कच्चा राहतो, तोच प्रकार. त्यामुळे सगळी कसरत एकच: बाहेरचा रंग आणि आतलं वितळणं एकाच वेळी पूर्ण व्हायला हवं. एका बाजूला ३ ते ४ मिनिटं लागत नसतील तर आच जास्त आहे.

तवा कुठला, याने खूप फरक पडतो. चपातीचा तवा मध्ये जरा खोलगट असतो. त्यावर चौकोनी स्लाइस चार कोपऱ्यांवर टेकतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. कोपरे करपतात, मध्ये पांढरा डाग राहतो आणि बटर खळग्यात साचतं. घावनांचा बिडाचा तवा सपाट असेल तर त्याच्याइतकं चांगलं भांडं नाही. तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गार ब्रेड टाकल्यावरही तापमान पडत नाही. मध्यम आचेवर ४-५ मिनिटं तापवा, मग छोट्या बर्नरवर ज्योत बारीक करा आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब गोळी होऊन नाचला तर तवा फार तापलाय, मिनिटभर थांबा. चुर्र होऊन जागच्या जागी आटला की ब्रेड ठेवा. आदल्या दिवशी त्याच तव्यावर लसणाची फोडणी वगैरे झाली असेल तर आधी मिठाने घासून पुसून घ्या, ब्रेड तो वास लगेच धरतो.

बटर तव्यावर टाकू नका, ब्रेडला लावा. फ्रिजबाहेर काढून मऊ झालेलं, एका सँडविचला दोन्ही बाहेरच्या बाजू धरून १० ते १२ ग्रॅम, अगदी कडेपर्यंत. तव्यावर टाकलेलं बटर जिथे साचेल तिथे ब्रेड तेलकट होतो आणि बाकीचा कोरडाच भाजतो. बटरमध्ये दुधाचे घन कण असतात. रंग आणि खमंग वास त्यांच्यामुळेच येतो, आणि आच वाढली की आधी जळतातही तेच. ज्यांची आच नेहमी मोठी होते त्यांनी निम्मं बटर, निम्मं साजूक तूप असं मिसळून लावावं. नुसत्या तुपाने ब्रेड कुरकुरीत होतो, पण बटरची ती खास चव येत नाही. घरच्या लोण्यात ताक राहिलेलं असतं, ते तडतडतं आणि ब्रेड ओला करतं. लावायचंच असेल तर आधी धुऊन, घट्ट पिळून घ्या.

आता चीज. रोजच्या सँडविचला प्रोसेस्ड चीजच सरस, याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. दुधातल्या प्रथिनांना कॅल्शियमने घट्ट बांधून ठेवलेलं असतं, ते बंधन हे क्षार सैल करतात. म्हणून चीज तूप न सोडता एकसारखं वितळतं. जुनं मुरलेलं चेडार नुसतं वापरलं तर चव जोरदार येते, पण जरा जास्त तापलं की तेल वेगळं आणि चोथा वेगळा. मोझरेला तार काढतं, चवीला मात्र अळणी. म्हणून प्रमाण असं: अमूलचा एक क्यूब (२५ ग्रॅम) आणि १५ ग्रॅम मोझरेला, दोन्ही किसून. किसलेलं चीज तुकड्यांपेक्षा लवकर वितळतं, कारण ऊब सगळीकडून लागते. ४० ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर कडेने वाहून तव्यावर जळतं. कडेला सेंटिमीटरभर जागा मोकळी सोडा, वितळल्यावर ती आपोआप भरते.

पनीर घालून ‘चीज का वितळत नाही’ असं विचारणारे बरेच असतात. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं, त्याचं जाळं उष्णतेने सैल होत नाही, उलट आणखी घट्ट होतं. ते वेगळं सँडविच झालं, वाईट नव्हे. आणि स्वस्त पुडक्यावर घटकांमध्ये वनस्पती तेल दिसलं तर ते चीजसारखं दिसणारं काहीतरी आहे. तापल्यावर चिकट होतं आणि चवीला मेणासारखं लागतं.

पावसाळ्याची अडचण खरीच आहे. जुलैत किनाऱ्यावर हवेत इतका दमटपणा असतो की उघडा ब्रेड तासाभरात नरम पडतो. ओल्या ब्रेडमधलं पाणी आधी उडून जावं लागतं, तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपासच अडकतो आणि रंग येत नाही. स्लाइस बटर न लावता मंद तव्यावर एकेक बाजू अर्धा मिनिट शेकून घ्या, गार करा, मग बटर लावा. एक दिवस शिळा ब्रेड ताज्यापेक्षा बरा. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी थांबते, पण तो लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये टाका आणि गोठलेला स्लाइस थेट तव्यावर शेका. बेकरीचा लादीपाव वापरणार असाल तर आडवा कापून आतली बाजू बाहेर करा. कापलेली सपाट बाजू तव्याला नीट टेकते, पावाची फुगीर पाठ टेकत नाही.

भाजायला घेतल्यावर पहिली दीड-दोन मिनिटं वर झाकण ठेवा, म्हणजे वरचा स्लाइसही गरम होतो. मग झाकण काढा आणि त्याच्या आतलं पाणी ब्रेडवर गळू देऊ नका. उलथण्याने हलकं दाबा, फक्त टेकेल इतकं. जोर लावून चेपलं की ब्रेडमधली हवा जाते आणि चीज बाहेर येतं. खालची बाजू उचलून बघा, काजू तळल्यावर येतो तितका रंग आला की उलटा. झाल्यावर ताटात ठेवू नका; खालून वाफ अडकून दोन मिनिटांत ते मऊ पडतं. जाळीवर ठेवा, मिनिटभर थांबा, मगच कापा. लगेच कापलं तर सगळं चीज सुरीबरोबर बाहेर.

वीज गेली की गॅसवर धरायचा ॲल्युमिनियमचा टोस्टर कामाला येतो. तो ज्योतीपासून चार बोटं वर धरा, दर अर्ध्या मिनिटाने फिरवा, एकूण ३-४ मिनिटं. कडा त्यात बंद होतात, म्हणून चीज सांडत नाही, पण वाफही आत कोंडते. तव्याइतका कुरकुरीतपणा येत नाही. विजेच्या ग्रिलरमध्येही हाच दोष. वाफ यायची थांबेपर्यंत उघडू नका आणि झाकण दाबू नका.

मग वेड का? बाहेरचा कुरकुरीत थर दातांखाली फुटतो आणि त्याच क्षणी आतून गरम, खारट, स्निग्ध चीज जिभेवर पसरतं. भाजलेल्या ब्रेडचा वास, मीठ, चरबी आणि मुरलेल्या चीजची ती भरीव चव एकाच घासात येतात. त्यातही ही स्थिती जेमतेम पाच मिनिटं टिकते, त्यामुळे ते केल्याकेल्याच खावं लागतं. बाकी कारण स्वस्ताईचं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट या चीज व्यापाऱ्याने १९१६ मध्ये प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं, १९२८ मध्ये कापलेला ब्रेड यंत्रावर निघू लागला आणि १९३० च्या दशकातल्या मंदीत हे गरिबाघरचं गरम जेवण झालं. तिकडे सोबत टोमॅटो सूप घेतात, कारण आंबटपणा तोंडातलं तूप धुऊन काढतो. आपल्याकडे त्या जागी गरम कोकमाचं सार ठेवा, गूळ कमी घालून. सूपपेक्षा जास्त जुळतं, असं माझं ठाम मत आहे.

चटणी घालायची असेल तर ओल्या खोबऱ्याची नको, तिचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं. लसणाची सुकी चटणी चमचाभर, दोन थर चीजच्या मध्ये, ब्रेडला थेट लागू न देता. मासे खात असाल तर सुका जवळा निवडून, कोरडा भाजून, हातानेच चुरून दोन चमचे घाला. जवळाही खारट आणि प्रोसेस्ड चीजही खारट, म्हणून त्या दिवशी क्यूब अर्धाच घ्या, मोझरेला वाढवा आणि बाहेरून बिनमिठाचं बटर लावा.